पाचवं मिनिट

घंटा वाजली आणि लव्हॉन वाक्याच्या मध्येच थांबली. "बरं, झाली वाटतं वेळ," असं म्हणून तिने हातातली कार्डं एकावर एक नीट जुळवली, सगळ्यांकडे बघून थोडं हसली आणि खाली बसली. टाळ्या झाल्या. मार्लिस केटोलाने मांडीवरच्या स्टॉपवॉचकडे पाहिलं. चार मिनिटं आणि सात सेकंद. तिचं बोट अजून त्या पितळी घंटेवर टेकलेलं होतं, हॉटेलच्या काउंटरवर असते तसल्या घंटेवर, आणि बोटाखालचं पितळ थंड होतं. नव्वदएक बायका बसल्या होत्या त्या खोलीत. बऱ्याच जणींच्या मनगटावर घड्याळ होतं, समोरच्या भिंतीवर कर्लिंग क्लबचं चांगलं परातीएवढं घड्याळ होतं, पण एकीनेही मान वर करून बघितलं नाही. मार्लिसने घंटा वाजवली म्हणजे पाच मिनिटं झाली. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. तिने स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि पर्समध्ये टाकलं. आपण हे काय केलं असं तिला त्या क्षणी वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आपण वाचलो.

डुलुथमधल्या या बायका दर तीन महिन्यांनी जमत. गावात बायकांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचं नाव चिठ्ठीवर लिहून प्रत्येकीने बेव्हर्लीच्या लोकरी टोपीत टाकायचं, बेव्हर्लीने तीन चिठ्ठ्या काढायच्या, आणि जिची चिठ्ठी निघेल तिने उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. मग तीन मिनिटं प्रश्न. मग मतदान. जिला जास्त मतं तिच्या संस्थेला प्रत्येकीने शंभर डॉलरचा चेक लिहायचा, मत दिलेलं असो वा नसो. ज्यांची संस्था हरली त्यांनीही लिहायचा, आणि हसत लिहायचा. ही हसत लिहायची अट कुठे लिहिलेली नव्हती, पण उत्तर मिनेसोटात लिहिलेल्यापेक्षा न लिहिलेलं जास्त पाळलं जातं. वेळ पाळायचं काम मार्लिसकडे आलं ते तिच्या मुलीमुळे, काइसामुळे. काइसा शाळेत पोहायची तेव्हा नऊ वर्षं मार्लिस तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. एकेका रांगेला तिघे वेळ मोजणारे असत आणि तिन्हींतली मधली वेळ खरी धरत. मार्लिसची वेळ बहुतेकदा मधलीच निघे. क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवरून बुटात शिरणारं पाणी, आणि तिसऱ्या रांगेत पाण्याबाहेर येऊन परत आत जाणारे ते खांदे. आपल्याच मुलीची वेळ मोजायला परवानगी नसे, म्हणून ती कायम शेजारच्या रांगेत उभी राही आणि डोळा मात्र तिसऱ्या रांगेवर असे. तरीही हातातली वेळ चुकली नाही कधी.

आज तिची वेळ चुकली नव्हती. हे तिला गाडी सुरू करताना कळलं. चुकणं वेगळं, मुद्दाम वाजवणं वेगळं.

लव्हॉन थर्ड स्ट्रीटच्या वरच्या अंगाला असलेल्या एका घराबद्दल बोलत होती. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या बायकांना तिथे काही महिने राहता येई. सहा खाटा. त्यातल्या वरच्या मजल्यावरच्या तीन या हिवाळ्यात बंद कराव्या लागणार होत्या, कारण बॉयलर निकामी झाला होता आणि उरलेली ऊब खालच्या मजल्यापुरतीच होती. हे सगळं लव्हॉनने तिच्या नेहमीच्या सपाट आवाजात सांगितलं. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. मग तिने कार्ड बदललं. "गेल्या हिवाळ्यात एक बाई आली," ती म्हणाली. "चौतीस-पस्तिशीची. खांदे असे रुंद. पहिल्या दिवशी गादी एकटीने दोन जिने वर नेली, कुणाला हात लावू दिला नाही. बोलायची नाही फारसं. एकदा माझ्याबरोबर भांडी विसळत होती, तेव्हा आपणहून म्हणाली, माझी आई याच गावात राहते. वर टेकडीवर. इथून चार मैलसुद्धा नसेल. म्हणाली, माझी आई—"

आणि तिथे घंटा.

प्रश्नांच्या तीन मिनिटांत पहिला प्रश्न आला की त्या घरासमोर गाड्या लावायला जागा आहे का. दुसरा, बॉयलर गॅसचा घ्यायचा की विजेचा. ती आई काय, हे कुणीच विचारलं नाही. दुसऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं तर ते पुरं करायला सांगणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं, अशी या लोकांची समजूत. मतं मिळाली दुसऱ्या संस्थेला, एकट्या आयांच्या मोटारी फुकट दुरुस्त करून देणाऱ्या गॅरेजला. चांगलं काम होतं ते. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. मार्लिसनेही चेक लिहिला. खाली काचेपलीकडे बर्फावर दोन म्हातारे कर्लिंगच्या खेळातले दगड सरकवत होते आणि टेबलावर ताटलीत लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा उरला होता. कुणीतरी तो निम्मा कापला, मग आणखी कुणी उरलेला निम्मा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा तसाच राहिला. शेवटचं घेणारी आपण नको.

घरी येऊन तिने कोट खुंटीला लावला, सकाळचं सूप गरम केलं आणि उभ्याउभ्याच प्यायलं. खिडकीतून सरोवराचा करडा पट्टा दिसत होता. वाचलो ही भावना सूप संपेपर्यंत टिकली. त्यानंतर ते वाक्य आलं. माझी आई— आणि पुढे काही नाही. ऐकण्याची भीती वाटली म्हणून तिने ते तोडलं होतं, आणि आता साऱ्या गावात ते ऐकायची गरज असलेली बाई एकच होती. तिने स्वतःच ते पुरं करायला घेतलं. माझी आई मला दारात उभं करणार नाही. माझी आई माझ्यासाठी मेली. माझी आई लोकांना सांगते की मी ॲरिझोनात आहे. यातलं कुठलंही खरं असू शकलं असतं, आणि शेवटचं तर होतंच.

ॲरिझोनाची सुरुवात तिने केली नव्हती. ती तिच्या नवऱ्याने, वेंडेलने केली. चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी विचारलं, काइसा काय म्हणते, आणि वेंडेल, ज्याने आयुष्यात खोटं सांगितलं ते फक्त माशांच्या लांबीबद्दल, तो म्हणाला, "ॲरिझोनात असते हल्ली." मग त्या ॲरिझोनाला हळूहळू भिंती आल्या. फिनिक्स आलं, एका दंतवैद्याकडची नोकरी आली, कोरडी हवा मानवते हे आलं. त्या वेळी काइसा खाली बंदराजवळ कुणाकुणाच्या घरी सोफ्यावर झोपत होती आणि पंधरा-वीस दिवसांनी कधीतरी मागच्या दाराशी येऊन उभी राहत होती. वेंडेलच्या शेवटच्या वसंतात ती आली, बापाजवळ बसली, त्याचे पाय चोळले, त्याला हसवलंसुद्धा. ती गेल्यावर मार्लिसने त्याच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची बाटली उघडली तर आत दोन उरल्या होत्या. रविवारची दुपार. दुकान बंद, डॉक्टरांच्या फोनवर नुसतंच यंत्र बोलतंय. वेंडेल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त एकदा विचारलं, "आज सोमवार का गं?" दुसऱ्या दिवशी मार्लिसने कुलूप बदललं. काइसा आली तेव्हा मार्लिस जाळीच्या दारातून म्हणाली, "तुझं इथे काही नाही आता." काइसाने मान हलवली, जसं कुणी पत्ता विचारावा आणि कळला म्हणावं. मागे वळून अंगणातून गेली. चार वर्षं झाली त्याला. वेंडेलच्या अंत्यविधीला ती आली नाही. मार्लिसने सांगितलं की वादळामुळे फिनिक्सचं विमान रद्द झालं. मे महिना होता. फिनिक्सला मे महिन्यात कसलं वादळ, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी मान हलवली आणि दुःखाच्या घरी नेतात तशी, घरून भाजून आणलेल्या हॉटडिशची भांडी पुढे केली.

तिला राग होता. तो अजूनही होता, जागच्या जागी, आणि त्यात काही चुकीचं आहे असं तिला वाटत नव्हतं. पण त्याच्या शेजारी आता हे अर्धं वाक्य येऊन बसलं होतं आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने ब्रेड भाजायला ठेवला आणि तो काळा होईपर्यंत बघत राहिली. चौथ्या दिवशी थर्ड स्ट्रीटवरून गाडी नेली. घर ओळखता आलं नाही, कारण त्यावर पाटी नव्हती, नसणारच. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना कुठे प्लास्टिक लावलंय का, हे बघत ती दोनदा त्या रस्त्याने फिरली. दोन-तीन घरांना लावलेलं होतं. तीन खाटा, तिने मनात म्हटलं. मग त्या खाटांवर कुणी बायका दिसायला लागल्या, आणि तिघींचेही खांदे रुंद होते, म्हणून तिने रेडिओ लावला.

पाचव्या दिवशी तिने बेव्हर्लीला फोन केला. "बेव्ह, परवाच्या सभेत मी लव्हॉनला मिनिटभर आधी थांबवलं."

"अगं, मग?"

"मिनिटभर, बेव्ह. पाच मिनिटांतलं एक."

"घड्याळ बिघडलं असेल. बॅटरी बदल." बेव्हर्ली काहीतरी चिरत होती, सुरीचा आवाज येत होता.

"घड्याळ चांगलं आहे. मी मुद्दाम वाजवली."

सुरी थांबली. मग पुन्हा सुरू झाली. "हे बघ, तू तरी काय घेऊन बसलीस. खरं सांगू का, लव्हॉन जरा जास्तच आत शिरायला लागली होती. त्या बाईचं, तिच्या आईचं. लोकांना अवघडल्यासारखं होतं. तू बरोबर वेळेला वाजवलीस असंच वाटलं मला. आणि गॅरेजवाल्यांचं काम काही वाईट आहे का?"

"वाईट नाही."

"मग झालं तर. जानेवारीत तूच बस वेळेला. आणि ती तुझी रताळ्याची भाजी आण."

मार्लिसने फोन ठेवला. माफी मागायला जावं आणि समोरच्याने दारच लावून घ्यावं, तेही इतकं गोड हसून, की दार लागलेलं कळूही नये. तिला बेव्हर्लीचा संताप आला, आणि मग लक्षात आलं की गेली चार वर्षं आपण याच चांगुलपणावर जगलोय. मे महिन्यातलं वादळ या चांगुलपणानेच तर पचवलं होतं. तिने पुन्हा कोट घातला.

लव्हॉन अंगणात पानं ओढत होती. ऑक्टोबरचं ऊन होतं, पातळ, अंगाला न लागणारं. तिने मार्लिसला पाहिलं, "ये" म्हणाली आणि कागदी पोतं तिच्या हातात दिलं. "तोंड उघडं धर जरा. एकटीला नाही जमत." मार्लिसने पोतं धरलं. लव्हॉन दोन्ही हातांनी पानं उचलून आत कोंबत होती. तीन वेळा कोंबून झाल्यावर मार्लिस म्हणाली, "मी घंटा लवकर वाजवली त्या दिवशी."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"अठ्ठावीस वर्षं बस चालवली मी. थांब्यावर पोर मिनिटभर उशिरा आलं तर सोडून जायचं असतं. मिनिट किती लांब असतं ते मला नको सांगूस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्याकडे बघितलं ना मी. मला वाटलं तुझ्या छातीत दुखतंय." लव्हॉनने वाकून आणखी पानं घेतली. "नंतर वाटलं, तसंच काहीतरी असेल. धर ना नीट."

मार्लिसने नीट धरलं. तिला वाटलं होतं की विचारण्याआधी बरंच काही सांगावं लागेल. पण पोतं धरलेलं असताना माणूस लांबण लावू शकत नाही. "पुढे काय होतं?" ती म्हणाली. "ती बाई म्हणाली, माझी आई. पुढे काय?"

लव्हॉन उभी राहिली. हातमोज्याच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "माझी आई रोज फोन करते. असं म्हणाली ती." तिने पोत्यातली पानं खाली दाबली. "आमच्याकडे नियम आहे. कोण राहतं, कोण नाही, बाहेर सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, पोलिसाला नाही, आईलासुद्धा नाही. ही बाई, म्हणजे तिची आई, राज्यातल्या प्रत्येक असल्या घरात फोन करायची. संध्याकाळी सहाला आमच्याकडे. मुलीचं नाव सांगायची. आम्ही म्हणायचो, आहे-नाही सांगता येत नाही. बरं, म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी परत. फोन स्वयंपाकघरातच आहे. वाजला की ही मुलगी हातातली ताटली तशीच धरून उभी राहायची. नळ चालू. अकरा आठवडे. बाराव्या आठवड्यात हिने हात पुसले आणि स्वतः उचलला." तिने हातमोजे झटकले. "ते होतं माझं पाचवं मिनिट. मतं तिथेच मिळायची होती गं मला." आणि ती खरोखरच हसली.

पहिल्यांदा मार्लिसला सुटल्यासारखं झालं. ती काइसा नव्हती. नव्वद बायकांसमोर उघडं पडायचं होतं ते तिचं घर नव्हतंच. टेकडीवर दुसरीही एक आई होती. मग ती सुटका कुठल्या कुठे गेली. ती काइसा नव्हती हे तिला वयावरून कळलं नव्हतं, खांद्यांवरून नाही, कशावरूनच नाही. कळलं ते फक्त एवढ्यावरून, की त्या मुलीची आई फोन करत होती. मार्लिसने चार वर्षांत एकदाही, कुठेही फोन केला नव्हता. तिला लाज वाटली, उघडी आणि साधी, कान गरम करणारी लाज. पोत्याची कड तिच्या मुठीत चुरगळली.

"काइसा कशी आहे?" लव्हॉनने पानांकडे बघत विचारलं. "ॲरिझोनातच?"

"मला माहीत नाही. ती तिकडे कधी नव्हतीच."

"हं," लव्हॉन म्हणाली. दाताळं उचलून तिने कुंपणाकडची पानं ओढली. "वाटलंच होतं."

"कुणाकुणाला वाटलं होतं?"

"आता नावं घेऊ का एकेकीची? सगळ्यांनाच. आम्ही काय विचारणार? तू म्हणालीस ॲरिझोना, आम्ही म्हटलं ॲरिझोना."

रस्त्यावरून एक गाडी गेली. दोघींनीही सवयीने हात वर केला. "तिथे आहे का ती?" मार्लिसने विचारलं. "तुझ्या त्या घरात. आत्ता."

लव्हॉनने तिच्याकडे सरळ पाहिलं. तीस वर्षांची ओळख होती दोघींची, आणि त्या नजरेत काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. "ते मी सांगू शकत नाही, मार्लिस. असली तरी नाही आणि नसली तरी नाही."

"मलासुद्धा?"

"आईलासुद्धा, म्हटलं ना मघाशी."

मार्लिसने मान हलवली. "बॉयलरचं मी जानेवारीत बोलते. सभेत. तुझ्या मिनिटाचंही सांगते सगळ्यांना, बेव्हला आवडो न आवडो. माझी चिठ्ठी टाकते त्या घराच्या नावाची."

"टाक. एकदा बोलून झालं की माझी चिठ्ठी वर्षभर चालत नाही. पण निघायला हवी तुझी टोपीतून. आणि जानेवारीत तिघी जणी कुठे झोपणार ते मला विचारू नकोस." एवढं एकच ती जरा जोरात बोलली. मग पोत्याचं तोंड दुमडून तिने ते पायाने दाबलं. "फोन करायला कुणाची बंदी नाही. नंबर देते. पण पाच-सहा ठिकाणं आहेत नुसत्या या भागात. सगळीकडे करावा लागतो. एकीकडे करून बसायचं नाही."

सहाला पाच कमी असताना मार्लिस स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. यादीत सहा नंबर होते. कुठला नंबर कुठल्या घराचा ते लव्हॉनने लिहिलं नव्हतं. पहिल्या ठिकाणी कुणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण मुलीने उचलला, च्युइंगम चघळत, आणि नाव पुरं ऐकायच्या आधीच आहे-नाही सांगता येत नाही म्हणाली. तिसऱ्या ठिकाणी बाईचा आवाज थकलेला होता. मागे भांडी वाजत होती, नळ वाहत होता, कुणीतरी कुणाला मीठ मागत होतं.

"काइसा केटोलासाठी फोन केलाय," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "के-टो-ला."

"आमच्याकडे कोण आहे, कोण नाही, हे आम्हाला सांगता येत नाही."

"माहीत आहे मला."

पलीकडे भांड्यांचा आवाज कमी झाला, किंवा तिला तसं वाटलं. स्वयंपाकघरात कुणी ना कुणी अधूनमधून थांबतंच. बाई फोन ठेवत नव्हती. बहुधा तोही एक नियम असेल, आधी आपण ठेवायचा नाही. मार्लिसला पुष्कळ बोलायचं होतं. गोळ्यांबद्दल, त्या रविवारबद्दल, तिचा राग गेलेला नाही याबद्दल. त्यातलं काहीही या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

"काही निरोप?" बाईने विचारलं. "नाव लिहून ठेवता येत नाही, पण ऐकून घेता येतं."

"निरोप नाही," मार्लिस म्हणाली. "मी तिची आई. उद्या परत करते."

मग तिने चौथा नंबर लावला.